नोमोस : कायदा, रीत, की चाल? (एका शब्दावर अडलंय, मदत हवी)

उंबरठा

नमस्कार मंडळी,

आमच्या रविवारच्या वाचनगटात सध्या सोफोक्लीसचं 'अँटिगनी' हे प्राचीन ग्रीक नाटक चाललंय. दोन-तीन प्रवेश मराठीत आणून आपापसात वाचायचे असं ठरलं आणि जरा ग्रीक येतं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. 'जरा' म्हणजे खरंच जराच. शब्दकोश मांडीवर घेऊन एका ओळीला अर्धा तास लागतो.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. थीब्जवर चालून आलेला पॉलिनाइसीस लढाईत मरतो. त्याचं प्रेत कोणी पुरायचं नाही, असा हुकूम राजा क्रेऑन काढतो. बहीण अँटिगनी जाऊन त्याच्यावर माती टाकते आणि पकडली जाते. ४४९व्या ओळीत क्रेऑन तिला विचारतो, "तरीही हे नोमोस ओलांडायची तुझी छाती झाली?" तिचं उत्तर साधारण असं आहे : "ही दवंडी झ्यूसने पिटलेली नव्हती, आणि पाताळातल्या देवांशेजारी राहणाऱ्या डीकेनेही असले नोमोस माणसांना घालून दिलेले नाहीत." (डीके म्हणजे न्यायाची देवी.) पुढे ती म्हणते, तुझ्या दवंड्यांमध्ये एवढं बळ नाही की एका मर्त्य माणसाने देवांचे न लिहिलेले, न ढळणारे नोमिमा ओलांडावेत. नोमिमा हा नोमोसच्याच घरातला शब्द.

अडचण अशी की दोघांच्या तोंडी शब्द एकच आहे. मी पहिल्या खर्ड्यात क्रेऑनला 'कायदा' दिला आणि अँटिगनीला 'धर्म'. वाचून दाखवल्यावर लक्षात आलं की भांडण सुरू व्हायच्या आधीच मी निकाल देऊन टाकलाय. 'धर्म' म्हटल्याबरोबर आपला श्रोता तिच्या बाजूला जाऊन बसतो. मुळात तसं नाही. दोघं एकाच शब्दाची दोन टोकं धरून ओढताहेत.

तर नोमोसला मराठीत एकच शब्द सापडेल का, जो राजाच्याही तोंडी शोभेल आणि त्या मुलीच्याही?

---

अडकित्ता

नोमोस म्हणजे आपला नियम. उघड आहे. संस्कृतातूनच गेलेला शब्द. शोधाशोध कशाला?

---

ताम्रपट

अडकित्ता, दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून भाऊ होत नाहीत. 'नियम' = नि + यम्, आवरणे, लगाम खेचणे. नोमोस आला 'नेमो' या क्रियापदावरून. नेमो म्हणजे वाटून देणे, ज्याचा त्याला हिस्सा देणे, आणि ढोरं चारणे. हिस्सा मिळाला की तो माणूस तो कसतो, तिथे राहतो, तिथे त्याचं चालतं, तेही नेमोच.

गंमत म्हणजे ग्रीकमध्ये नोमोस दोन आहेत. आघात पहिल्या अक्षरावर असेल (नोऽमोस) तर रीत, कायदा. शेवटच्या अक्षरावर असेल (नोमोऽस) तर चराऊ कुरण, पुढे प्रांत. ग्रीकांनी इजिप्तच्या विभागांना हेच नाव दिलं, आणि २०१० पर्यंत आधुनिक ग्रीसमध्येही जिल्ह्याएवढ्या विभागाला नोमोऽस म्हणत. होमरमध्ये कुरणवाला नोमोऽस भेटतो, कायदावाला नाही. तो पहिल्यांदा भेटतो हेसिऑड या जुन्या कवीमध्ये : झ्यूसने मासे, श्वापदं आणि पाखरांना एकमेकांना खायचा नोमोस लावून दिला, माणसांना मात्र डीके दिली. म्हणजे तिथे नोमोस हा कायदा नव्हेच, ज्याची त्याची जगायची ठरलेली तऱ्हा आहे.

कुरण, हिस्सा, कसणूक, रीत हे सगळं एका ओळीत ठेवा आणि मराठीत डोकवा. वहिवाट. जमिनीचा ताबा आणि उपभोग म्हणजे वहिवाट, पायाखालची वाट म्हणजे वहिवाट, आणि 'अशी वहिवाट आहे' म्हणजे अशी प्रथा आहे. नोमोसला याहून जवळचा शब्द मला तरी माहीत नाही.

संस्कृतशी नातं हवंच असेल तर ते दुसरीकडे आहे. कायद्यासाठी ग्रीकांचा जुना शब्द 'थेस्मोस', म्हणजे घालून दिलेलं. त्यातला धातू आणि आपला 'धा' एकच. 'विधी' हा शब्द वि + धा. तेव्हा आपलं विधिमंडळ थेस्मोसचं चुलतभावंड आहे, नोमोसचं नाही. आणि 'डीके' म्हणजे न्याय, तिचं नातं 'दिश्'शी, दाखवणे, दिशा देणे.

---

अडकित्ता

बरं बाबा. चुलत तर चुलत.

---

निवृत्त वकीलकाका

वा, बऱ्याच दिवसांनी वाचण्यासारखा धागा.

ताम्रपट यांची वहिवाट मला पसंत आहे, कारण माझी निम्मी वकिली वहिवाटीच्या दाव्यांत गेली. पण क्रेऑनच्या तोंडी ती बसणार नाही. ज्याने काल सकाळी हुकूम काढला तो आज त्याला वहिवाट कुठल्या तोंडाने म्हणेल? वहिवाटीला वर्षं लागतात.

मात्र रूढी आणि कायदा एकाच शब्दात असण्याचं आपल्याला नवल वाटायला नको. 'शास्त्रात् रूढिर्बलीयसी' हे आपणच म्हणत आलो. १८६८ च्या मदुरा कलेक्टरच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितलं, की हिंदू कायद्यात रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित वचनापेक्षा वजनदार. त्याच्याही आधी, १८२७ साली, आर्थर स्टील नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनातल्या जातीजातींच्या रूढी गोळा करून छापल्या, कारण कंपनी सरकारला न्याय करायचा तर शास्त्र पुरेना. आपल्या संविधानातही अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दाच्या पोटात रूढी घेतलेली आहे. म्हणजे कलमापुरता तरी आपला 'कायदा' नोमोस झालाय. बोलीत झालेला नाही. 'कायदा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खाकी कपडे येतात.

एक विचारतो. अथेन्समध्ये हुकूम आणि कायदा यांत फरक करत होते की नाही? करत असतील तर क्रेऑनची बाजू तिथेच लंगडी पडते.

---

ताम्रपट

काका, करत होते, पण पक्का फरक नाटकानंतर झाला. ड्रॅको आणि सोलोन (इ.स.पू. ५९४) या अथेन्सच्या जुन्या कायदेकर्त्यांचे कायदे थेस्मोस म्हणवले जात. सोलोन आपल्या कवितेत म्हणतो, मी थोरामोठ्याला आणि हलक्याला सारखेच थेस्मोस लिहून दिले. थेस्मोस वरून येतो, कोणीतरी घालून देतो. क्लाइस्थेनीसच्या लोकशाही सुधारणांच्या (इ.स.पू. ५०८-०७) आसपास अथेन्सने कायद्यासाठी नोमोस हा शब्द उचलला, असं मार्टिन ओस्टवाल्ड या अभ्यासकाने मांडलं. नोमोस हा लोकांनी आपला म्हणून मानलेला. लोकशाहीने जाणूनबुजून रीतीचा शब्द घेऊन कायद्याला लावला, असा त्याचा तर्क. मला पटतो. जुलमी राजाच्या भावाला मारणाऱ्या हार्मोडिओस आणि अरिस्टोगाइटोन यांच्यावर जी पानगोष्टींची गाणी होती, त्यांत या दोघांनी अथेन्सला 'इसोनोमोस' केलं असं म्हटलंय : सर्वांना सारखा नोमोस.

नाटक इ.स.पू. ४४० च्या आगेमागे. त्यानंतर बऱ्याच उलथापालथी होऊन ४०३ साली अथेन्सने ठरवलं की अधिकाऱ्यांनी न लिहिलेला नोमोस वापरायचा नाही, आणि सभेचा कुठलाही ठराव (प्सेफिस्मा) नोमोसच्या वर जाणार नाही. अँटिगनी ज्या 'न लिहिलेल्या'च्या जिवावर उभी होती तेच चाळीसएक वर्षांत कचेरीतून हद्दपार.

---

खडूस

आणि तरी तुम्ही लोकशाहीच्या आरत्या ओवाळताय.

लोक्रीचा किस्सा कोणी सांगितला नाही अजून? अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस, त्याने एका भाषणात सांगितलाय. दक्षिण इटलीतल्या या ग्रीक गावात नवा नोमोस सुचवायचा तर गळ्यात फास अडकवून उभं राहावं लागे. सूचना चांगली वाटली तर माणूस घरी, नाही तर दोरी तिथेच आवळायची. परिणामी दोनशेहून अधिक वर्षांत म्हणे एकच नवा कायदा झाला. तिथे आधीचा नोमोस होता की दुसऱ्याचा डोळा फोडला तर आपला डोळा द्यायचा. एका एकाक्ष माणसाला शत्रूने धमकी दिली, तुझा तो एकुलता डोळा फोडतो. शत्रूचा एक जाणार, याचं जगच जाणार. बिचारा फास घालून उभा राहिला : एकाक्षाचा डोळा फोडणाऱ्याचे दोन्ही डोळे काढावेत. मंजूर झाला.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ही दोरीची पद्धत आणावी असं फार वाटतं.

---

गवतीचहा

खडूस :)) सोसायटीला +१

---

सांजवात

मी शास्त्रीय संगीत शिकवते, ग्रीक शून्य. पण कुठेतरी वाचलं होतं की नोमोस म्हणजे गाण्याचा एक प्रकारही. खरं आहे का? उगाच अवांतर होत असेल तर सोडून द्या.

---

ताम्रपट

सांजवात, अवांतर कसलं, मी हाच विषय काढणार होतो. वीणेवर किंवा सनईसारख्या वाद्यावर वाजवायच्या, गायच्या ठरलेल्या रचनांना नोमोस म्हणत. त्यांची नावं असत, ठरलेले भाग असत, ज्या नोमोसचं जे वळण ते सोडायचं नाही. टेरपांडर हा यातला जुना उस्ताद. प्लेटो आपल्या 'नोमोइ' (म्हणजे 'कायदे') या ग्रंथात यावर मनसोक्त कोटी करतो : वीणेच्या नोमोसला आधी आलापीसारखी प्रस्तावना असते, मग राज्याच्या नोमोसला ती का नसावी? नुसता हुकूम सोडण्याआधी लोकांना पटवून द्या.

अरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रश्न' या संग्रहात तर सरळ विचारलंय, गाण्यांना नोमोस का म्हणतात? उत्तर : अक्षरओळख नव्हती तेव्हा लोक विसरू नयेत म्हणून कायदे गात असत, अगाथिर्सी लोक अजूनही गातात. उत्तर खरं असेल-नसेल, प्रश्न पडला हेच मला आवडतं.

---

सांजवात

अहो, मग मराठीत शब्द आहे की! चाल. गाण्याची चाल, आणि चालरीत, चालीरीती. 'आमच्यात अशी चाल आहे' असं आजीच्या पिढीच्या बायका सहज म्हणायच्या. तीच चाल लावणीला, तीच ओवीला. शब्द बदलले तरी चाल तीच राहते. तुमच्या नोमोससारखाच एक शब्द दोन्हीकडे.

---

निवृत्त वकीलकाका

सांजवातताई, दंडवत. आणि ताम्रपट, प्लेटोची ती प्रस्तावना म्हणजे आमची उद्देशिका की!

---

उंबरठा

बापरे, दोन दिवस प्रवासात होते, इकडे एवढं झालं! सगळ्यांचे आभार.

चाल फारच सुंदर आहे. पण क्रेऑन "ही चाल मोडायची तुझी छाती झाली?" म्हणाला की तो बुद्धिबळ खेळतोय असं वाटतं. शिवाय 'ओलांडणे' हे क्रियापद मला राखायचंय, मुळात तेच आहे.

---

अडकित्ता

मग धर्मच ठेवा ना दोन्हीकडे. राजधर्म आणि कुलधर्म. महाभारतात हेच तर चालतं. ग्रीक लोक आपल्याकडे आले तेव्हा त्यांनीही धर्माचं भाषांतर नोमोसच केलं असणार.

---

ताम्रपट

"असणार" नको, दगडावर कोरलेलं आहे. १९५८ मध्ये कंदाहारला अशोकाचा द्विभाषिक लेख सापडला, ग्रीक आणि अरामाइक. 'धम्म' या शब्दासाठी तिथल्या ग्रीक लेखकाने घेतला 'युसेबेइया' : देवाधर्माविषयीची, वडीलधाऱ्यांविषयीची आदरबुद्धी. नोमोस घेतला नाही. पुढे हिंद-ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीकमध्ये 'डिकाइओस' (न्यायी) आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'ध्रमिक' असतं, हेलिओक्लीसची नाणी पाहा. तिथे धर्म बसला डीकेच्या जागी. म्हणजे दोन्ही भाषा रोज बोलणाऱ्यांनी दोनदा निवड केली आणि दोन्हीदा नोमोस टाळला. का, ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. माझा अंदाज : नोमोस गावागणिक बदलतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि अशोकाला जे सांगायचं होतं ते सगळ्या गावांसाठी होतं.

(नाण्यालाही ग्रीकमध्ये 'नोमिस्मा' म्हणतात. अरिस्टॉटल म्हणतो, पैशाला किंमत निसर्गाने नाही, नोमोसने येते, म्हणून हे नाव. नोटबंदीच्या रात्री मला हे वाक्य आठवलं होतं.)

---

खडूस

गावागणिक बदलतो यावरून इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेला इराणचा राजा दारयवहू. त्याने दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर मेलेल्या बापाला खाल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने कल्लातिआइ नावाचे हिंदुस्थानातले लोक बोलावले. हे म्हणे आईबापांना खात. त्यांना विचारलं, किती घेऊन बापाला जाळाल? ते किंचाळले, असलं अभद्र बोलू नका. हेरोडोटस पुढे कवी पिंडारचं वचन देतो : नोमोस सगळ्यांचा राजा.

हे कल्लातिआइ खरे कोण, यात मी पडत नाही. आपल्याकडे बाप जाळतात आणि इस्टेटीसाठी जिवंतपणी खातात.

पण उंबरठा, बघा, दारयवहूचा प्रश्नही प्रेताचाच आहे. सोफोक्लीस आणि हेरोडोटस एकाच काळातले. मेलेल्या माणसाचं काय करायचं, हीच जागा आहे जिथे नोमोस उघडा पडतो. बाकी ठिकाणी तो अंगवळणी पडल्यामुळे दिसत नाही.

---

निवृत्त वकीलकाका

खडूस, तुम्ही कधीकधी चांगलं लिहिता. स्वभावाला शोभत नाही.

---

गवतीचहा

मी इथे फक्त वाचत असते, ग्रीक-बिक काही कळत नाही, पण एक सुचवू का? आमच्या आजीच्या घरात "तिन्हीसांजेला केर काढायचा नाही, असा दंडक होता" असं म्हणायचे. कुठे लिहिलेला नव्हता. कोणी घातला तेही माहीत नाही. आणि माझे वडील सरकारी नोकरीत होते, तेही म्हणायचे, "साहेबांनी दंडक घातलाय, पाच मिनिटं उशीर झाला की अर्धी रजा." म्हणजे शब्द दोन्हीकडे चालतो.

चुकत असेल तर माफ करा.

---

उंबरठा

गवतीचहा, तुम्हाला माझ्याकडून गवती चहा!

करून पाहिलं :

क्रेऑन : "तरीही हे दंडक ओलांडायची तुझी छाती झाली?"

अँटिगनी : "झालीच. ही दवंडी झ्यूसने पिटलेली नव्हती, आणि पाताळातल्या देवांशेजारची डीके, तिनेही असले दंडक माणसांना घालून दिलेले नाहीत."

बसतंय. पुढे ५१९व्या ओळीत ती पाताळाच्या देवाविषयी म्हणते, "हेडीसला तरी हेच दंडक हवे आहेत", तिथेही बसतंय. सगळ्यात मोठी परीक्षा १११३-१४. टायरेसियासच्या भविष्यवाणीने क्रेऑन हादरलाय, तिला सोडवायला निघालाय, आणि म्हणतो, "भीती वाटते, रुळलेले दंडक सांभाळतच आयुष्य काढावं हे सगळ्यात बरं." हरलेला राजा इथे नोमोस हा शब्द अँटिगनीच्या अर्थाने बोलतो. मी आधी 'कायदा' आणि 'धर्म' केलं होतं तेव्हा त्याचं हे वळण पार गायब झालं होतं. एकच शब्द ठेवला तर श्रोत्याला ऐकू येईल.

---

खडूस

दंडकात दंडुका ऐकू येतो. नोमोसमध्ये कुरण होतं.

---

उंबरठा

मान्य. कुरण गेलं, गाणंही गेलं. सांजवातताईंची चाल मी कोरससाठी राखून ठेवलीय. कोरस अँटिगनीला 'औटोनोमोस' म्हणतो (८२१), आपल्याच नोमोसने जाणारी. हा शब्द एरवी स्वतंत्र नगरांसाठी येतो, सोफोक्लीसने तो एका एकट्या मुलीला लावला. तिथे "आपल्याच चालीने चालत तू मरणाकडे निघालीस" असं करतेय. दंडक इथे मुद्दाम नाही घेतला. नियम मीच केला, मीच मोडते.

---

निवृत्त वकीलकाका

गळ्यात फास घालून मोडा म्हणजे झालं.

---

जुनी वही

उशिरा आलो. एक राहिलंय, आणि ते मराठीच आहे.

नोमोस ग्रीकमधून सिरियाकमध्ये 'नामोसा' म्हणून गेला, तिथून अरबीत 'नामूस'. आधी अर्थ देवाचा नियम, नंतर फारसी-उर्दू-तुर्कीत इज्जत, अब्रू, विशेषतः घरातल्या बाईच्या नावावर तोललेली घराण्याची अब्रू. उर्दूत 'नंग-ओ-नामूस' म्हणतात ते हेच. त्याचं 'नामूसी' झालं आणि अर्थ उलटला : अब्रू जाणे. ते आपल्याकडे दख्खनात येऊन नामोशी आणि नामुष्की झालं.

तेव्हा उंबरठाताई, नोमोसला मराठी शब्द शोधायला निघालात, तो इथे तीनेकशे वर्षं तरी बसलेला आहे. फक्त वेश बदलून.

---

ताम्रपट

क्या बात! वाटेत कायद्याची इज्जत झाली, इज्जतीची बेइज्जती. एवढी पडझड दुसऱ्या कुठल्या शब्दाची नसेल.

---

अडकित्ता

म्हणजे नामुष्की हा ग्रीक शब्द? मी आजवर 'नाम' मधून आला असं शाळेत शिकवत होतो.

---

खडूस

याला म्हणतात नामुष्की.

---

उंबरठा

जुनी वही, तुमचा प्रतिसाद वाचून मी खर्डा पुन्हा उघडला. ६७७ ते ६८०, क्रेऑन आपल्या मुलाला ऐकवतोय. बाईपुढे हार खायची नाही, पडायचंच असेल तर पुरुषाच्या हातून पडू, पण बायकांहून दुबळे म्हणवून घेणार नाही. मूळ ओळीत नोमोस नाही, त्याच्या घरातलाही कोणी नाही. मी तिथे दोन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं, "बाईकडून हरण्याची नामुष्की नको."

ठेवते आहे तसंच.